जुन्या ट्रकचे एंजिन कोठवर दुरुस्त करावे?

मोडलेला भाग बदलावा, हे सांगावयास शास्त्राची आवश्यकता नाही. परंतु अनेक वर्षे हेळसांड झालेल्या ट्रकच्या एंजिनात ‘मोडलेला’ असा एकच भाग बहुधा नसतो. सर्वच भाग कमीअधिक झिजलेले असतात. त्यांपैकी कोणता किती झिजला आहे हे बाहेरून दिसत नाही. आणि ते पाहावे म्हणून एंजिन उघडले, तर उघडण्याचाच खर्च अंगावर येतो. अशा वेळी मालकापुढे सामान्यतः तीन मार्ग असतात. पहिला, नोझल साफ करून, फिल्टर व तेल बदलून गाडी पुन्हा रस्त्यावर आणणे. दुसरा, हेड उतरवून झडपा बसवून घेणे आणि रिंगा व बेअरिंगे बदलणे. तिसरा, एंजिन गाडीतून खाली उतरवून सिलिंडर, पिस्टन, क्रँकशाफ्ट या सर्वांचे काम करणे. यांपैकी कोणता मार्ग पत्करावा, हा निर्णय गॅरेजमध्ये बहुधा मिस्त्रीच्या अनुभवावर आणि मालकाच्या ऐपतीवर सोडला जातो. हे दोन्ही आधार टाकाऊ नाहीत. तथापि ते पुरेसे आहेत असेही म्हणता येत नाही.

या प्रश्नाचा एका बाजूस यंत्रशास्त्राशी व दुसऱ्या बाजूस अर्थशास्त्राशी संबंध पोहोचतो, आणि या दोन शाखांचे अभ्यासक एकमेकांच्या अंगणात क्वचितच पाऊल टाकतात. यंत्रज्ञ ‘एंजिनाची अवस्था काय आहे?’ असे विचारतो. अर्थज्ञ ‘नवे घ्यावे की जुने चालवावे?’ असे विचारतो. प्रस्तुत लेखात असे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे की, दुरुस्तीची मर्यादा केवळ एंजिनाच्या अवस्थेवरून ठरत नाही. गाडीकडून यापुढे किती काळ काम घ्यावयाचे आहे, हे प्रथम निश्चित केल्यावाचून ‘किती दुरुस्ती?’ या प्रश्नाला अर्थच प्राप्त होत नाही.

१. विचारासाठी घेतलेली गाडी

विवेचन हवेत राहू नये म्हणून एक परिचित गाडी डोळ्यांपुढे ठेवू. टाटा एंजिनिअरिंग अँड लोकोमोटिव्ह कंपनीने (टेल्को) १९५४ साली जर्मनीतील डाइम्लर-बेंझ या कंपनीच्या सहकार्याने भारतात ट्रक बांधण्यास प्रारंभ केला. तो करार १९६९ मध्ये संपल्यानंतर त्याच परंपरेतील गाड्या कंपनी स्वतःच्या नावाने काढू लागली. १२१० या क्रमांकाने ओळखला जाणारा ट्रक आणि त्यातील ‘६९७’ हे डीझेल एंजिन महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावी मिस्त्रीला तोंडपाठ असे. सहा सिलिंडर व ९७ मिलिमीटर व्यास, यांवरून ते नाव पडले आहे. पिस्टनची चाल १२८ मिलिमीटर असून सहा सिलिंडरांचे एकूण आकारमान सुमारे ५.७ लिटर भरते.

अशी एखादी गाडी पश्चिम महाराष्ट्रात ऊस वाहण्याच्या कामावर आहे, असे समजू. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. वर्षाची मुख्य कमाई या काही महिन्यांत व्हावयाची असते. पावसाळ्यात गाडी बव्हंशी उभी असते. मालकाजवळ गाडी एकच आहे. एंजिन धूर टाकते, तेल ‘पिते’, गरम झाल्यावर तेलाचा दाब खाली येतो, आणि सकाळी सुरू होण्यास फार वेळ घेते. हंगामास दोन महिने उरले आहेत. काय करावे?

२. हेळसांडीचे भौतिक स्वरूप

एंजिनाची झीज सर्वत्र सारखी होत नाही. सिलिंडरची झीज वरच्या टोकाशी, म्हणजे पहिली रिंग जेथून माघारी फिरते तेथे, सर्वांत अधिक असते. त्या क्षणी पिस्टनचा वेग शून्य झालेला असतो. त्यामुळे तेलाचा पातळ थर टिकत नाही, आणि उष्णता व वायूचा दाब यांचा जोरही तेथेच अधिक असतो. परिणामी सिलिंडर वर रुंद व खाली अरुंद होतो आणि रिंग जेथपर्यंत पोहोचत नाही तेथे न झिजलेल्या धातूचा एक काठ शिल्लक राहतो.

या निमुळतेपणाचा अर्थ एका साध्या गणिताने स्पष्ट होतो. वरच्या व खालच्या व्यासांत ०.१० मिलिमीटरचा फरक असेल, तर परिघांत ०.३१ मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणजे प्रत्येक चालीत रिंगेच्या दोन टोकांमधील फट तेवढी उघडते किंवा मिटते. मिनिटास २,००० फेऱ्यांच्या वेगाला अशा चाली ४,००० होतात. अशा सिलिंडरमध्ये कितीही उत्तम नवी रिंग बसविली तरी तिला दर मिनिटास हजारो वेळा फाकावे व आवळावे लागणार. ती लवकर थकते, यात तिच्या कारखानदाराचा दोष नसतो.

बेअरिंगांच्या बाबतीत नियम याहूनही कठोर आहे. दोन पृष्ठभागांमधील अरुंद फटीतून वाहणाऱ्या तेलाचे प्रमाण त्या फटीच्या जाडीच्या घनाशी निगडित असते. बेअरिंगमधील फट दुप्पट झाली की, त्याच दाबाला तेल आठपट गळते. पंप मात्र पूर्वीइतकेच तेल पुरवीत असतो. म्हणून झीज हळूहळू वाढत असताना दाब दीर्घकाळ ठीक दिसतो आणि पुढे थोड्याच काळात तो झपाट्याने कोसळतो. ‘काल तर चांगली चालत होती’ हे मालकाचे उद्गार खोटे नसतात. घनाचा नियमच तसा आहे.

तिसरी बाब पाण्याची. दख्खनच्या पठारावरील विहिरींचे पाणी बहुधा जड असते. हेच पाणी वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये ओतले गेले की सिलिंडरांभोवतीच्या पोकळीत क्षारांचे थर जमतात. असा एक मिलिमीटरचा थर उष्णतेच्या वहनास जवळजवळ पंचवीस मिलिमीटर जाडीच्या बिडाइतका, किंवा त्याहूनही अधिक, विरोध करतो. बाहेरून रेडिएटर भरलेला दिसतो, आतील धातू मात्र तापत राहतो. एंजिन तापण्याचे कारण हे असेल, तर रिंगा बदलून काहीही साधणार नाही.

३. न उघडता काय कळते?

एंजिन उघडणे हे निदानही आहे आणि खर्चही आहे. म्हणून स्वस्त तपासणी आधी व महाग तपासणी नंतर, हा क्रम पाळणे अगत्याचे आहे. धुराचा रंग ही पहिली खूण. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त किंवा हवेचा फिल्टर चोंदलेला. निळसर धूर म्हणजे वंगण जळत आहे. पांढरा धूर म्हणजे न जळलेले इंधन, किंवा हेडमधून पाणी आत येत असल्यास वाफ. दुसरी खूण, एंजिन मंद चालत असताना एकेका नोझलच्या नळीची चक्की सैल करून पाहणे. ज्या सिलिंडरचे इंधन बंद केले असता आवाजात काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच काम करीत नाही.

कॉम्प्रेशन मोजण्याच्या बाबतीत एक चूक वारंवार आढळते. पेट्रोल एंजिनासाठी अशी रीत आहे की, सिलिंडरमध्ये चमचाभर तेल घालून दाब पुन्हा मोजावा; दाब वाढला तर दोष रिंगांचा, न वाढला तर झडपांचा. हीच रीत डीझेल एंजिनास लावणे फसवे ठरते. आपल्या उदाहरणातील एका सिलिंडरचे आकारमान सुमारे ९४६ घन सेंटिमीटर आहे. दाबगुणोत्तर १७ धरले, तर पिस्टन वर असताना उरणारी जागा केवळ ५९ घन सेंटिमीटर होते. त्यांत १५ घन सेंटिमीटर तेल गेले की जागा ४४ उरते आणि गुणोत्तर २२ च्या वर जाते. म्हणजे रिंगा कशाही असोत, दाब वाढलेला दिसणारच. तपासणीने आपले मत मांडण्याऐवजी तपासणाऱ्याचेच मत परत केले, असा हा प्रकार होय. यापेक्षा पिस्टन वर आणून नोझलच्या छिद्रातून दाबाची हवा सोडावी आणि ती कोठून निसटते ते ऐकावे, हे श्रेयस्कर. तेल भरावयाच्या तोंडातून हवा येत असेल तर रिंगा व सिलिंडर, सायलेन्सरच्या वा हवेच्या नळीतून येत असेल तर झडपा, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेडचे गॅस्केट किंवा तडा, असे निदान होते.

तेलाचा दाब कमी असल्यास बेअरिंगांवर दोष ठेवण्यापूर्वी तेलच पाहिले पाहिजे. एखादे नोझल ठिबकत असेल तर न जळलेले डीझेल सिलिंडरच्या भिंतीवरील वंगण धुऊन खाली जाते व तेल पातळ करते. पातळ तेलाचा दाब कमी दिसतो आणि झीजही वाढते. अशा वेळी दोषाचे मूळ एका नोझलमध्ये असते आणि संशय मात्र साऱ्या एंजिनावर जातो. यानंतरची पायरी म्हणजे खालचे तेलाचे ‘चेंबर’ उतरवून कनेक्टिंग रॉडच्या एकदोन बेअरिंगांची वाटी काढून पाहणे. अनेक ट्रकांत एंजिन गाडीतच ठेवून हे काम करता येते. आणि हेड उतरविल्यावाचून एंजिनाच्या तळाची साक्ष मिळते.

४. अर्धवट दुरुस्तीचे दोष व गुण

गॅरेजमध्ये ‘काम करायचे तर पुरते करा, नाहीतर हात लावू नका’ असे एक मत प्रचलित आहे. त्यात तथ्यांश आहे. सिलिंडरचा वरचा काठ न काढता नव्या रिंगा बसविल्या, तर झिजलेल्या जुन्या रिंगेपेक्षा उंच असलेली नवी रिंग त्या काठावर आपटून तुटते किंवा पिस्टनच्या खाचेचा काठ फोडते. रिंगा व झडपा नव्या केल्याने सिलिंडरातील दाब पूर्ववत होतो. तो वाढलेला भार खालच्या जुन्या बेअरिंगांवर येतो. यावरून असे दिसते की, एंजिनाचे भाग सुटे असले तरी त्यांचे आयुष्य सुटे नसते.

परंतु या मताचा उत्तरार्ध तितकासा खरा नाही. अर्धवट दुरुस्ती वाईट असते ती अर्धवट असल्यामुळे नव्हे, तर तिने साधलेल्या भागांची आयुष्ये एकमेकांशी जुळत नसल्यामुळे. सिलिंडरचा निमुळतेपणा अल्प असेल, काठ काढून भिंतीवर नवी घासणी केली असेल, आणि बेअरिंगेही त्याच वेळी बदलली असतील, तर अशा एंजिनाकडून मर्यादित काळ निश्चिंतपणे काम घेता येते. सहा वर्षे टिकणारा पिस्टन दोन वर्षे टिकणाऱ्या क्रँकशाफ्टवर बसविण्यात मात्र चार वर्षांची किंमत वाया जाते. यास आपण ‘समान आयुष्याचे तत्त्व’ म्हणू. दुरुस्ती अशा पातळीवर थांबवावी की, नव्याने घातलेला कोणताही महाग भाग शेजारच्या जुन्या भागाच्या आयुष्याने बांधला जाऊ नये.

हे तत्त्व एंजिनापाशी थांबत नाही. चासीचे तडे, केबिनचा गंज, स्टिअरिंगचा ढिलेपणा व ब्रेकची अवस्था यांनाही ते लागू आहे. एंजिनावर सर्व पैसा खर्च करून ब्रेकचे काम ‘पुढल्या हंगामावर’ टाकणारा मालक आर्थिक चूक तर करतोच. परंतु उसाने भरलेला ट्रक घाट उतरत असता ती चूक आर्थिक राहत नाही. एंजिन बंद पडले तर गाडी उभी राहते. ब्रेक गेले तर ती उभी राहत नाही. म्हणून एंजिनासाठी रक्कम ठरविण्यापूर्वी ब्रेक व स्टिअरिंग यांचा खर्च बाजूस काढावा आणि उरलेल्या रकमेचा विचार करावा, हा या लेखातील एकमेव निरपवाद नियम समजावा.

५. शास्त्रात या प्रश्नाची वाटचाल

यंत्र केव्हा बदलावे याचे गणिती विवेचन हॅरॉल्ड हॉटेलिंग यांनी १९२५ मध्ये घसाऱ्याच्या उपपत्तीच्या निमित्ताने केले. दुरुस्तीच्या प्रश्नास स्वतंत्र रूप मात्र पुढे आले. १९६० मध्ये बार्लो व हंटर यांनी ‘अल्पतम दुरुस्ती’ ही कल्पना मांडली. एखादा भाग बदलून यंत्र पुन्हा चालू केले, तरी बिघाड होण्याची त्याची प्रवृत्ती बिघाडापूर्वी होती तितकीच राहते, असे त्यात मानले जाते. याच्या दुसऱ्या टोकास पूर्ण नूतनीकरण, म्हणजे यंत्र नव्यासारखे होणे. नोझल साफ करणे ही पहिल्या प्रकारची दुरुस्ती होय. संपूर्ण एंजिनाचे काम हे दुसऱ्याच्या जवळ जाते. या दोहोंमधील विस्तीर्ण प्रदेशासाठी मासाआकी किजिमा यांनी १९८९ मध्ये ‘आभासी वय’ ही संकल्पना योजिली. दुरुस्तीने यंत्राचे वय काही अंशी मागे जाते, पण शून्यावर येत नाही. आपल्या मध्यम मार्गाचे हे नेमके वर्णन आहे.

१९६७ मध्ये ड्रिंकवॉटर व हेस्टिंग्ज यांनी ब्रिटिश सैन्याच्या वाहनांच्या संदर्भात ‘दुरुस्ती-मर्यादे’ची पद्धत मांडली. वाहन बिघडले की प्रथम तपासणी करून खर्चाचा अंदाज काढावयाचा. तो त्या वयाच्या वाहनासाठी ठरविलेल्या मर्यादेपेक्षा अधिक असेल तर दुरुस्ती न करता वाहन काढून टाकावयाचे. या पद्धतीचा मोठा गुण असा की, गतकाळात त्या वाहनावर किती खर्च झाला हे तीत विचारलेच जात नाही. ‘गेल्याच वर्षी पंपाचे काम केले आहे, आता गाडी कशी सोडावी?’ असे म्हणणाऱ्यास हे कठोर वाटेल. पण झालेला खर्च कोणत्याही निर्णयाने परत येत नसतो. त्या पंपाचा आज जो उपयोग उरला आहे, तेवढाच हिशेबात धरावयाचा.

१९८७ मध्ये जॉन रस्ट यांनी याच विषयावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या मॅडिसन शहरात हॅरॉल्ड झर्कर हे बसगाड्यांच्या देखभालीचे प्रमुख होते. १९७४ ते १९८५ या काळातील १०४ बसगाड्यांच्या नोंदींवरून रस्ट यांनी त्यांच्या निर्णयांमागील हिशेब उलगडण्याचा प्रयत्न केला. दर महिन्यास झर्कर यांच्यापुढे प्रत्येक बसबाबत एकच प्रश्न असे : आहे ते एंजिन आणखी चालवावे, की आता बदलावे? अनुभवी माणसाच्या वरकरणी अंदाजी वाटणाऱ्या निर्णयांतही भविष्यातील खर्चाचा सुसंगत विचार दडलेला असतो, हे गृहीत धरून त्याचे मोजमाप करता येते, ही या निबंधाची देणगी होय. आपल्याकडील मिस्त्रीकडेही त्याच दृष्टीने पाहावयास हवे.

६. हिशेबाची एक रीत

आता आपल्या उसाच्या ट्रककडे वळू. पुढील आकडे केवळ हिशेबाची रीत दाखविण्यासाठी घेतले आहेत. ते बाजारभाव नव्हेत. समजा, किरकोळ दुरुस्तीस २०,००० रुपये, मध्यम दुरुस्तीस ७०,००० रुपये आणि पूर्ण दुरुस्तीस २,००,००० रुपये लागतात. किरकोळ दुरुस्ती एक हंगाम, मध्यम दोन हंगाम व पूर्ण सहा हंगाम पुरते. ऐन हंगामात एंजिन बसले तर बुडालेली कमाई, गाडी ओढून आणण्याचा खर्च व वाढलेले नुकसान मिळून २,५०,००० रुपयांचा फटका बसतो. असे घडण्याची शक्यता प्रत्येक हंगामात अनुक्रमे शंभरात ४०, १५ व ५ मानू. म्हणजे दर हंगामास धोक्याची सरासरी किंमत १,००,००० रुपये, ३७,५०० रुपये व १२,५०० रुपये होते.

गाडी एकच हंगाम चालवावयाची असेल, तर एकूण खर्च अनुक्रमे १,२०,००० रुपये, १,०७,५०० रुपये व २,१२,५०० रुपये येतो. दोन हंगाम चालवावयाची असेल, तर २,४०,००० रुपये, १,४५,००० रुपये व २,२५,००० रुपये. तीन हंगामांसाठी मध्यम दुरुस्ती दोनदा करावी लागते. म्हणून आकडे ३,६०,००० रुपये, २,५२,५०० रुपये व २,३७,५०० रुपये होतात. तात्पर्य, दोन हंगामांपर्यंत मध्यम मार्ग श्रेयस्कर आणि तिसऱ्या हंगामापासून पूर्ण दुरुस्ती श्रेयस्कर. एंजिन तेच, त्याची झीज तीच, मिस्त्रीही तोच. बदलले ते फक्त पुढील उपयोगाचे वर्षमान. म्हणून चासी, केबिन व परवाना यांच्या दृष्टीने गाडी आणखी तीन वर्षे खरोखरच रस्त्यावर राहील काय, हे आधी विचारले पाहिजे. आठ वर्षांहून जुन्या मालवाहू गाडीस दरवर्षी योग्यता-प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि पंधरा वर्षांवरील गाड्यांसाठी त्याचे शुल्क २०२२ पासून पुष्कळ वाढले आहे. हा खर्चही वर्षमान ठरविताना जमेस धरावा.

या हिशेबाने तपासणीचे मोलही कळते. समजा, हवेच्या दाबाची परीक्षा घेतली, चेंबर उतरवून बेअरिंगे पाहिली, आणि असे आढळले की बेअरिंगे व रिंगा समाधानकारक आहेत. दोष ठिबकणाऱ्या नोझलचा व पातळ झालेल्या तेलाचा आहे. आता किरकोळ दुरुस्तीनंतरही बिघाडाची शक्यता शंभरात ४० न राहता १० वर येते, असे मानू. एका हंगामाचा खर्च ४५,००० रुपये होतो. मध्यम दुरुस्तीने सर्व धोका नाहीसा होतो असे जरी गृहीत धरले, तरी तिला ७०,००० रुपये लागतातच. काही हजारांच्या तपासणीने निर्णयच पालटला. उलटपक्षी, वाटीत तांबे उघडे पडलेले दिसले, तर किरकोळ दुरुस्तीचा मार्ग तत्काळ बाद होतो. दोन्ही प्रसंगी तपासणी सार्थकी लागते. आणि जी तपासणी कोणत्याही निकालाने निर्णय बदलणार नाही, ती करूच नये.

७. सरासरीची मर्यादा

वरील हिशेबात एक त्रुटी आहे व ती गंभीर आहे. शंभरात चाळीस ही शक्यता शंभर गाड्या बाळगणाऱ्या संस्थेस उपयोगी पडते. मॅडिसनच्या आगारात एक बस बंद पडली तर दुसरी धावू शकते. एकच ट्रक असलेल्या मालकाचे एंजिन मात्र चाळीस टक्के बसत नाही. ते एकतर बसते किंवा बसत नाही. जानेवारीत ते बसले, तर बुडालेली रक्कम सरासरीत मिसळून जात नाही. कर्जाचा हप्ता थकतो, ऊसतोडणी टोळीशी केलेला करार मोडतो, आणि पुढे गाडीच हातची जाण्याची वेळ येते.

म्हणून अशा मालकाने सरासरी खर्च सर्वांत कमी कोठे आहे, एवढेच पाहून भागणार नाही. ज्या घटनेने धंदाच संपेल तिची शक्यता आधी एका सुसह्य मर्यादेखाली आणावी, आणि त्या मर्यादेत बसणाऱ्या मार्गांतून स्वस्त मार्ग निवडावा. यामुळे हिशेबाने सांगितलेल्यापेक्षा थोडी अधिक दुरुस्ती करणे त्यास योग्य ठरेल. परंतु याचाच दुसरा अर्थही ध्यानी घ्यावा : पूर्ण दुरुस्तीसाठी जड व्याजाचे कर्ज काढणे हाही धंदा संपविणारा धोकाच होय. गरीब मालक अज्ञानामुळे अर्धवट काम करून घेतो, असे सरसकट म्हणणे अन्यायाचे होईल. पुष्कळदा दोन धोक्यांमधील मधली वाट त्याने जाणूनबुजून निवडलेली असते.

८. ‘आता उघडलेच आहे तर...’

एंजिन उघडल्यावर एक मोह निर्माण होतो. आता उघडलेच आहे, तर हेही बदलू, तेही बदलू. यात विवेक व मोह यांची सीमारेषा आखता येते. ज्या भागाची किंमत अल्प, पण त्याच्यापर्यंत पोहोचण्याची मजुरी मोठी, तो भाग उघडल्यावेळीच बदलावा, मग तो थोडाफार बरा असला तरी. क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाचे तेल अडविणारे सील किंवा ब्लॉकमधील पाण्याच्या टोप्या ही याची उदाहरणे होत. याउलट, ज्या भागाची किंमत मोठी, पण एंजिन न उघडता पुढे केव्हाही तो काढता येतो, तो आपला बिघाड दाखवीपर्यंत तसाच ठेवावा. इंधनाचा पंप, डायनॅमो किंवा स्टार्टर हे या वर्गातले. पहिल्या वर्गात काटकसर करणे जितके चुकीचे, तितकेच दुसऱ्या वर्गात उदारपणा दाखविणे चुकीचे.

काही ठिकाणी थांबावेच लागते. क्रँकशाफ्टची घासणी ०.२५ मिलिमीटरच्या टप्प्यांनी होते. शेवटचा टप्पा आधीच गाठलेला असेल, किंवा ब्लॉकला तडा असेल, तर मूळ अंदाज रद्द समजून हिशेब नव्याने मांडला पाहिजे. तोवर झालेला खर्च हे पुढे जाण्याचे कारण होऊ शकत नाही. म्हणून एंजिन उघडण्यापूर्वीच मालक व मिस्त्री यांनी थांबण्याची ठिकाणे बोलून ठरवावीत. उघडलेल्या एंजिनासमोर उभे राहून घेतलेले निर्णय फारसे शांतपणे घेतले जात नाहीत.

उपसंहार

एकंदरीत निर्णयाचा क्रम असा लागतो. प्रथम गाडीचे उरलेले उपयोगी आयुष्य ठरवावे. ब्रेक व स्टिअरिंग यांची तरतूद बाजूस काढावी. मग स्वस्तातून महागाकडे जाणारी तपासणी करावी. नंतर समान आयुष्याच्या तत्त्वाने दुरुस्तीची पातळी निवडावी. आणि शेवटी मालकास कोणता धोका सोसवणार नाही, याची कसोटी तिला लावावी. प्रत्यक्षात हा क्रम बहुधा उलटा असतो. आधी एंजिन उघडले जाते आणि गाडी किती वर्षे चालवावयाची आहे, हा प्रश्न बिल हाती आल्यावर सुचतो.

विद्यार्थ्यांसाठी येथे संशोधनाचे एक मोकळे क्षेत्र आहे. वर वापरलेल्या शक्यता या लेखात गृहीत धराव्या लागल्या. परंतु त्या मोजता येण्याजोग्या आहेत. एखाद्या तालुक्याच्या गावी दोनचार गॅरेजांच्या सहकार्याने प्रत्येक एंजिनाची उघडण्यापूर्वीची लक्षणे, उघडल्यावर आढळलेली झीज, केलेले काम आणि त्यानंतर गाडी किती काळ चालली, अशी चार सदरांची नोंदवही काही हंगाम ठेवली, तरी पुष्कळ हाती लागेल. मिस्त्रीचे ज्ञान त्याच्याबरोबर निघून जाऊ नये, आणि विद्यापीठातील समीकरणे गॅरेजच्या दारापाशी अडखळू नयेत, यासाठी आरंभी अशी एक वही पुरेशी आहे.